पाडव्याचं साल

मागच्या उन्हाळ्यात दर्यापूरच्या घराची आवराआवर काढली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आबाजींच्या (म्हणजे माझ्या आजोबांच्या) वह्या सापडल्या. लाल कापडाच्या, लांबट, दोऱ्याने बांधायच्या. बहुतेक पानांवर सरकी-ढेपेचे आणि निंदणाच्या मजुरीचे हिशेब. पण दर वर्षी गुढीपाडव्याला एक वेगळं पान. वर 'श्री', त्याखाली सालदाराचं नाव, ठरलेली रक्कम, ज्वारी किती, धोतर एक, घोंगडी एक, वहाणांचा जोड एक, आणि शेवटी उचल किती दिली ते. खाली एक अंगठा, आणि शेजारी जामीन राहिलेल्या माणसाची सही.

मी ते पान बराच वेळ बघत बसलो. हल्ली आपण ज्याला ऑफर लेटर म्हणतो ना, ते हेच की! :)

तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. आमच्या भागात शेतीतलं काम मिळायचं कसं? कोण कोणाला शोधत यायचं? आणि आता मोबाईलच्या पडद्यावर मुलाखत देऊन नोकरी लागते, तेव्हा नक्की बदललं काय? थोडं वाचलं, थोडं घरच्यांना विचारलं, ते इथे मांडतोय.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी आधी सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. दुसरीकडे सालगडी म्हणतात. आमच्याकडे साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. मुहूर्त वगैरे ठीक आहे, पण त्यात शेतीचा हिशेबही आहे. तोवर हरभरा निघालेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, शेत रिकामं. जुनं वर्ष मिटवायला आणि नवं ठरवायला तोच काळ सोयीचा.

होळी झाली की गावात कुजबुज सुरू व्हायची. अमक्याचा सालदार औंदा राहत नाही म्हणतात, तमक्याला मोठी जोडी हाकणारा गडी पाहिजे. मग एखाद्या सकाळी कोणी ओसरीवर येऊन बसायचं. लगेच कामाचं बोलणं नाही. पाणी, चहा, तंबाखू. मग हळूच, "औंदा ज्वारी वाढवून पायजे मालक, घरी खाणारे तोंडं वाढले." आबाजी ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे. दोन-तीन फेऱ्या व्हायच्या आणि पाडव्याला पान लिहिलं जायचं.

ही भरती फार तर दोन-तीन कोसांतली. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांची पुरती माहिती. कोणाचा हात बैलावर चालतो आणि कोण दारूत पडतो, हे मालकाला ठाऊक. आणि कोणता मालक ज्वारी वेळेवर देतो, कोणाच्या घरी भाकर मोजून मिळते, हे सालदारांना पाठ. बदनाम मालकाकडे चांगला सालदार जायचा नाही. आई सांगते, आमच्याच गल्लीतल्या एका घराला एक वर्ष पाडवा उलटून गेला तरी गडी मिळाला नव्हता.

ऐकायला हे सगळं फार गोड वाटतं. पण त्या पानावरचा 'उचल' हा शब्द गोड नाही. घरात लग्न निघालं, आजारपण आलं की सालदार आगाऊ पैसे घ्यायचा. ते फिटले नाहीत तर पुढचं सालही त्याच घरी. देशभर अशाच उचलीतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली, आणि म्हणूनच 1975 च्या ऑक्टोबरात अध्यादेश आणि 1976 मध्ये वेठबिगारी संपवणारा कायदा करावा लागला. आबाजींच्या वहीत एकाच माणसाच्या नावापुढे सलग तीन पाडव्यांना 'मागील बाकी' असे शब्द आहेत. वाचून बरं वाटलं नाही. आणि 'ओळख' म्हणजे तरी काय होतं? घर कुठलं, जात कुठली, बाप कोणाकडे होता. सालदाराचा मुलगा सालदारच होणार, हेही त्या ओळखीतच धरलेलं होतं.

सालाखेरीज रोजगाराची दुसरी जागा म्हणजे कापसाचा जिन. 1853 मध्ये निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी छोटी गाडी, म्हणजे आपली शकुंतला, दर्यापुरावरून गेली. आमच्या स्टेशनचं नाव बनोसा. (ती गाडी बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली.) गाडीच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि दिवाळीनंतरच्या हंगामात शेकडो हातांची गरज पडू लागली.

एवढी माणसं मालक ओसरीवर बसून निवडणार कशी? मग मधे मुकादम आला. तो गावोगाव फिरून माणसं आणायचा, त्यांच्यावर देखरेख करायचा, आणि त्यांच्या मजुरीतला वाटाही घ्यायचा. तेव्हा हिंदुस्थानभर गिरण्यांत आणि कारखान्यांत हाच प्रकार होता. 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की कामावर घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार या मुकादमांच्या हातून काढून घ्यावा. म्हणजे सालात जी ओळख होती, ती जिनात एका माणसाच्या मुठीत गेली होती.

एक गोष्ट मात्र वऱ्हाडात लवकर झाली. 1886 मध्ये कारंजाला कापसाचा बाजार नियमांखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदाच झाला. देशातल्या नियंत्रित बाजार समित्यांची सुरुवात इथली धरतात. त्यात दलाल आणि तोलारे यांना परवाना घ्यावा लागे. म्हणजे शेतमालाच्या व्यवहारात काम करायचं तर कोणाच्या शब्दापेक्षा कागद लागेल, ही कल्पना आमच्याकडे सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. माल तोलणाऱ्याला कागद मिळाला. माल पिकवायला राबणाऱ्याला मात्र नाही.

पुढचा टप्पा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा. आमच्या आधीच्या पिढीतलं प्रत्येक शिकलेलं माणूस या कार्डाची आठवण सांगतं. ही व्यवस्था आपल्याकडे 1945 मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. नंतर फाळणीचे निर्वासित आले आणि मग ती सगळ्यांना खुली झाली. 1959 मध्ये कायदा झाला की सरकारी आस्थापनांनी आणि 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्याच.

हा कायदा मी आत्ता प्रथमच नीट वाचला आणि तिसऱ्या कलमावर थबकलो. कोणत्या जागा कळवायची गरज नाही याची तिथे यादी आहे. त्यात पहिलाच मान शेतीचा! खाजगी आस्थापनेतलं शेतीचं आणि फळबागेचं काम वगळलेलं. अपवाद फक्त शेतीची यंत्रं चालवणाऱ्यांचा. घरकामही वगळलेलं, आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं कामसुद्धा. म्हणजे ज्या देशात सगळ्यात जास्त माणसं शेतात राबत होती, त्या देशाने काम शोधायची व्यवस्था उभी केली आणि शेतातल्या कामाला दारातच थांबवलं. व्यवहार म्हणून कारण समजतं. पेरणीला दोन दिवसांसाठी बाया लावायच्या तर शेतकरी कुठे फॉर्म भरत बसणार! पण परिणाम असा झाला की शेतीतला 'उमेदवार' म्हणजे फक्त शेतीची पदवी घेतलेला, असंच समीकरण झालं.

अशा पदवीधरांचे दिवस 1969 नंतर फिरले. त्या वर्षी 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 20 ऑक्टोबरला अकोल्याला कृषी विद्यापीठ सुरू झालं. तीन महिन्यांच्या अंतराने या दोन गोष्टी झाल्या. एकीकडे बँकांना खेड्यात कर्ज वाटायला शेती कळणारी माणसं हवी झाली, आणि दुसरीकडे ती माणसं आपल्या दाराशी तयार होऊ लागली. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी आली, तिला कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर लागले. 1976 मध्ये महाबीज अकोल्यातच निघालं.

माझे काका याच लाटेतले. एम्प्लॉयमेंटचं कार्ड त्यांनी काढलं होतं आणि नूतनीकरणही नेमाने करत राहिले. नोकरी लागली ती मात्र वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून. पोस्टल ऑर्डर, साक्षांकित प्रती, मुलाखतीसाठी नागपूरला जायचं म्हणून शेजाऱ्यांचा मागून नेलेला कोट. तो कोट बाह्यांना आखूड होता हे काका अजून सांगतात. 1976 मध्ये एम्प्लॉयमेंट न्यूज हे सरकारी साप्ताहिक निघालं आणि त्याचं हिंदी भावंड 'रोजगार समाचार' वाचनालयात हातोहात फिरू लागलं. ज्या पानावर शेतीची जागा असेल ते पान कोणीतरी फाडून नेलेलं असायचं, असंही काका सांगतात.

आणि शेतमजूर? त्यांच्यासाठी महाराष्ट्राने जे केलं त्याला देशात तोड नव्हती. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना. मागणी केली की 15 दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की 1959 च्या कायद्याने ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं, तो इथे अर्जदार झाला. ओसरीवर जाऊन बसायचं नाही. कोणाचा जामीन लागत नाही, कोणाची उचल नाही.

वहीतल्या त्या 'मागील बाकी'वाल्या सालदाराचा मुलगा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला, आणि त्याने आमच्याकडे साल धरलं नाही. आबाजींना ते आवडलं नव्हतं असं आई सांगते. "सरकारनं माणसं बिघडवली" हे वाक्य मी स्वतः लहानपणी ओसरीवर ऐकलंय. कोण बिघडलं होतं आणि कोण सुटलं होतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

माझी पिढी सायबर कॅफेची. नोकरी डॉट कॉम 1997 मध्ये सुरू झालं, पण आमच्यापर्यंत ते वारं यायला काही वर्षं गेली. बसस्टँडजवळच्या कॅफेत तासाचे पैसे मोजून बायोडाटा टाकायचा आणि आठवड्याने उत्तर आलंय का बघायला पुन्हा जायचं. एका संकेतस्थळावर गाव निवडायच्या यादीत दर्यापूर नव्हतं, तेव्हा 'इतर' निवडलं होतं. आपलं गाव 'इतर' आहे हे त्या दिवशी समजलं. तरी एक फायदा झाला. बियाण्याच्या कंपन्या जालन्याला, ठिबकचा धंदा जळगावला, द्राक्षं नाशिकला... हे सगळं इथे बसून दिसू लागलं. 2005 च्या एप्रिलमध्ये 'ॲग्रोवन' हे शेतीचं स्वतंत्र दैनिक निघालं. शेतीच्या बातम्यांचं रोजचं वर्तमानपत्र निघू शकतं, याचंच तेव्हा अप्रूप होतं.

आता 2020. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली तेव्हा मी दर्यापुरातच अडकलो होतो. जूनमधली गोष्ट. एक मुलगा दुपारी घरी आला. "काकाजी, उद्या तुमच्या गच्चीवर बसू का तासभर? मुलाखत हाये. आमच्या टिनाखाली नेटवर्क बी नाही अन् आवाज बी फार होते." हा त्याच सालदाराचा नातू. खडी फोडणाऱ्या बापाने शिकवलेला, शेतीचा पदवीधर झालेला. कडधान्यांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीत माल खरेदीची जागा होती. (6 जुलै 2020 ला राज्य सरकारनेही 'महाजॉब्स' नावाचं पोर्टल काढलं. ते दिवसच तसे होते, सगळंच पडद्यावर आलेलं.)

दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर बसला. पाण्याच्या टाकीला मोबाईल टेकवलेला, वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरची पॅन्ट. मी जिन्यात बसून ऐकत होतो. समोरच्या तिघांनी कॅमेरे बंद ठेवले होते. नुसते आवाज. हा मात्र त्यांना पूर्ण दिसत होता, मागच्या वाळत घातलेल्या गोधडीसकट. त्यांनी विचारलं, दर्यापूर कुठे आलं? त्याने खारपाणपट्टा समजावून सांगितला. पूर्णेच्या खोऱ्यातली खारी जमीन, विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, म्हणून पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा. मग प्रश्न आला, हरभऱ्यातली ओल कशी तपासाल? त्याने मशीनचं सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पण मशीन बंद असेल तर दाताखाली दाणा फोडून बघतो. कट्‌कन फुटला तर माल वाळलेला आहे. माझ्या आजोबांनी शिकवलं." तिन्ही आवाज हसले, पण चांगलं हसले.

खाली उतरल्यावर मी विचारलं, कशी झाली? तो म्हणाला, "चांगली झाली काकाजी. त्यांनी आडनाव विचारलं, पण मी कोणाचा ते नाही विचारलं."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. मी स्वतः कॅमेरा बंद ठेवणाऱ्या त्या लोकांवर चिडलो होतो. ओसरीवर निदान दोघं एकमेकांना बघायचे, इथे एकानेच दिसायचं, असा माझा विचार चालला होता. त्याला मात्र त्या न दिसण्यातच मोकळं वाटलं होतं. ओसरीवर तो बसला असता तर पहिल्या वाक्याच्या आतच तो 'कोणाचा' ते ठरलं असतं.

म्हणून जुनं चांगलं की नवं, या वादात मी पडत नाही. प्रत्येक नव्या व्यवस्थेने मधला कोणीतरी एक हटवला. रोजगार हमीने जामीन आणि उचल हटवली, जाहिरातीने मुकादम, पडद्याने अंतर. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बाहेरही राहिलं. आजही मेळघाटातून कोरकू कुटुंबं हरभरा सोंगायला आमच्या भागात येतात. त्यांची भरती कुठल्या पोर्टलवर होत नाही. एकाच्या मोबाईलवर फोन जातो आणि गाडी भरून माणसं येतात. म्हणजे मोबाईल आला तरी पद्धत मुकादमाचीच राहिली. पदवी घेतलेल्यांनाही नवे चोर भेटतात. आमच्याच नात्यातल्या एका मुलाने 'नोंदणी शुल्क' भरलं आणि ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. ओसरीवर निदान घर तरी खरं होतं!

त्या मुलाला नोकरी लागली. पत्र ईमेलने आलं. त्याने त्याची छापील प्रत काढून आणली आणि आईला दाखवली. मी वाचली. पगार, सहा महिने परिविक्षा, कुठेही बदली. आणि एक अट, ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं द्या. त्याने एक नाव त्याच्या सरांचं दिलं होतं, दुसरं माझं.

म्हणजे जामीन अजून लागतोच तर.

आठवड्याने मला कंपनीकडून एक फॉर्म आला. उमेदवाराला कधीपासून ओळखता? संबंध काय? माझी बोटं थांबली. 'तीन पिढ्यांचा घरोबा' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. ते खोटं नव्हतं. पण माळ्यावरची वही सापडल्यापासून वाटतंय, ते पुरतं खरंही नव्हतं. घरोबा होता, आणि सलग तीन पाडव्यांची मागील बाकीही होती. ती बाकी नक्की कोणाकडे निघत होती, हा हिशेब आमच्या घराने कधी मांडला नाही.

वही मी पुण्याला आणली आहे. पुढच्या खेपेला त्याच्या घरी जाऊन ते पान त्याला दाखवायचं ठरवलंय. त्याच्या आजोबांचा तेवढा एकच अंगठा कुठे कागदावर उरला असेल, तर तो त्याच्याकडेच असावा.

असो. नातेवाईकांपैकी कोणाकडे अशा जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. आणि आपल्या घरच्या सालदारांची नावं कोणाला आठवत असतील तर मला जरूर कळवा. मला फक्त दोनच आठवली, याची लाज वाटते.